बोक्याची चड्डी

जन्मभर शिवणकाम केलेल्या माणसाला उघडं राहिलेलं काही बघवत नाही. बोक्याच्या मांडीवरची जखम डॉक्टरीणबाईंनी तशीच उघडी ठेवली, तेव्हा शिंपीकाकांचा जीव वरखाली झाला. बोका हा त्यांचा कुत्रा. पिल्लू असताना मशीनच्या झाकणावर मांजरासारखं मुटकुळं करून झोपायचा, म्हणून हे नाव.

"दोन टाके घाला की," काका म्हणाले. "हवं तर मी घालतो."

"काका, दुसऱ्या कुत्र्याचा चावा आहे. वरून शिवलं तर आत पू धरेल. तळापासून भरत येऊ दे. दोन वेळा सलाइनने धुवा, मलम लावा, गोळ्या चुकवू नका. आणि चाटू देऊ नका!"

घरी आल्यावर, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घातलेला बोका आधी दारात अडकला, मग टेबलाला धडकला आणि शेवटी भिंतीकडे तोंड करून रुसून बसला. काकांची थोरली बहीण, आक्का, कपाटातून कसलीशी पूड घेऊन आली.

"चिमूटभर टाक यातली."

"आक्का, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढंच."

"मग मी काय नुसती बघत बसू?"

"तू डोकं धर. त्याचं."

काकांनी हात स्वच्छ धुतले आणि सलाइनची धार सोडली. आतलं लाल मांस दिसलं. बोका कण्हला. तशी आक्का त्याला शेजारणीची गाऱ्हाणी सांगू लागली. तो कान टवकारून ऐकत राहिला, तेवढ्यात जखम टिपून मलम लावूनही झालं.

तिसऱ्या दिवशी बोक्याने कर्णा दाराच्या चौकटीवर आपटून फोडला आणि मनसोक्त चाटून घेतलं. काकांनी घाईघाईने फोन लावला.

"आता चड्डी शिवली तर चालेल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "चालेल. सुती हवी, सैल हवी, रोज धुतलेली हवी. तोंड मात्र जखमेपर्यंत पोचता कामा नये."

काकांनी टेप काढला. पहिली चड्डी फक्कड बसली, फक्त शेपटीला भोक ठेवायचं राहिलं. आक्का हसून हसून खालीच बसली. दुसरी तिच्याच फुलाफुलांच्या चादरीची झाली, आणि ती घालून बोका गल्लीत असा ऐटीत निघाला की पोस्टमनने सायकल थांबवली.

रोज धुताना जखम थोडी आक्रसलेली दिसायची. तीन आठवड्यांनी तिथे गुलाबी कातडी धरली.

"आता चड्डी बास," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हात चांगला आहे हं तुमचा, काका."

काकांनी चड्डीची नीट घडी करून ती खिशात घातली. दवाखान्याबाहेर पडताच बोक्याने पट्ट्याला हिसका दिला आणि तो उधळला. मागोमाग काकाही धावले.

"अरे हळू, पडशील!" बरोबर आलेली आक्का मागून ओरडली.

दोघांपैकी कोणीच थांबलं नाही.