अंगठा लावून बघा

मी एक जुना बूट आहे. रस्त्यावर पळण्याचा, उजव्या पायाचा. आता तर अर्धाच. चामडं कापायच्या रापीने मला उभं चिरलं आणि माझा एक तुकडा दुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला टांगला. मित्रांनो, माझी कीव करू नका. मला मदत हवी होती तेव्हा सगळे माझं कौतुक करत होते, आणि त्या कौतुकाने माझा जीव जात होता.

कारखान्यात मी तयार झालो तेव्हा वर जाळीचं कापड होतं, खाली काळं रबर, आणि दोहोंच्या मध्ये जाड पांढरा फोम. लोक कापडाचा रंग बघतात, रबराची नक्षी बघतात. खरं काम मधला फोम करतो. पाऊल आदळलं की तो दबतो, धक्का पोटात घेतो आणि पुन्हा फुगून येतो. पण मुकाट राबणाऱ्याकडे कोण बघतो?

एका संध्याकाळी बुटांच्या दुकानात बाप-लेक आले. लेकीला घरात टिटवी म्हणत. काड्यांसारखे लांब पाय आणि बसल्या जागी सुद्धा चुळबुळ. तिला अग्निशमन दलात जायचं होतं. त्यासाठी पळण्याची चाचणी होती, वर्षातून एकदाच, आणि वयात बसतील अशा दोनच चाचण्या तिच्या हातात उरल्या होत्या. बाबा बूट-चपला दुरुस्त करणारे. दुसऱ्याने बनवलेल्या बुटाला नाव ठेवल्याशिवाय त्यांना घास गिळवत नसे.

त्यांनी मला उचललं, वाकवलं, खाली चापट मारली. "हे काय सोल आहे? कागद बरा! हा दुसरा घे, बघ कसा दगडासारखा आहे."

"काका, पोरीला दगड बांधून पळवायचंय का?" दुकानातल्या बाई म्हणाल्या. मग टिटवीकडे वळल्या. "संध्याकाळी आलीस ते बरं केलंस, दिवसभरात पाय थोडा फुगतो. मोजे पळायचेच आहेत ना? पुढे अंगठ्याएवढी जागा राहू दे. टाच निसटता कामा नये. आणि आरशात नको बघू, बाहेर जाऊन कोपऱ्यापर्यंत पळून ये."

दगड पळाला आणि परत आला. एक चंदेरी जोड पळाला, तो करंगळीला चावला. मग मी पळालो. टिटवी परत आली तेव्हा हसत होती. "बाबा, हाच. पायात काही आहे हे कळतच नाही."

मित्रांनो, रोजच्या पळण्याच्या बुटाला याहून मोठी शाबासकी नाही.

पुढचे महिने सुखाचे गेले. ती रोज पहाटे पळायची आणि आल्यावर कॅलेंडरवर किलोमीटर लिहायची. पण फोमचंही आयुष्य असतं. सातशे किलोमीटर झाले तेव्हा माझ्या कडेला बारीक सुरकुत्या पडल्या. मी दबायचो, पण परत फुगायचो नाही. खालचं रबरही गुळगुळीत झालं होतं. मला वाटलं, आता सुटका होईल.

सुटका कसली! बाबांच्या मायेला ऊत आला. त्यांनी माझं जुनं रबर सोलून काढलं, चिकटवायचं सोल्युशन लावलं आणि जाड टणक रबराचा नवा सोल ठोकून बसवला. काम सुबक होतं, खोटं कशाला बोलू? आपल्या दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ते मला दाखवायचे. "लेकीचा बूट. आणखी दोन वर्षं हलत नाही."

"वा, नवाकोरा दिसतोय!" लोक म्हणायचे.

मी आतून मेलेलो होतो. आणि त्या मेलेल्या फोमवर एक जिवंत पोरगी रोज दहा किलोमीटर आदळत होती.

तेव्हापासून मला पहाटेची भीती वाटू लागली. दाराशी तिची पावलं वाजली की माझ्या नाड्या आवळायच्या. धक्का मला रोखता येत नव्हता. तो सरळ तिच्या नडगीत शिरायचा. तिथे, घोट्याच्या चार बोटं वर, एक जागा रोज थोडी जास्त दुखायची. आधी पळून झाल्यावर. मग पळताना. मग जिना उतरताना. मला तिच्या पायाचं वजन कळतं, ती ते डावीकडे ढकलते आहे हेही कळत होतं. मी ओरडणार कोणत्या तोंडाने?

तिला कळत नव्हतं असं नाही. तिने माझ्या सुरकुत्यांवरून बोट फिरवलं होतं. पण बाबांनी लावलेल्या सोलाला नाव कसं ठेवायचं? म्हणून ती गप्प. आणि बाबांनी तिला लंगडताना पाहिलं तेव्हा काय केलं? त्यांना वाटलं, सोल पातळ पडतोय. त्यांनी आणखी एक थर चढवला!

प्रेम आंधळं असतं म्हणतात. माझ्या बाबतीत त्याच्या हातात हातोडीही होती.

चाचणीला सतरा दिवस उरले. त्या सकाळी उतारावर टिटवी थांबली, पदपथाच्या कडेला बसली आणि नडगीवर एक बोट ठेवलं. नुसतं ठेवलं आणि किंचाळली. मग बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर एकेक पाऊल टाकत घरी आली. तेवढ्या वाटेत मी देवाला पहिल्यांदा हाक मारली. आवाज न करता हाड तडकतं, एवढं मला ठाऊक होतं.

"आण इकडे," बाबा म्हणाले. "तिसरा थर लावतो."

जुनं सोल्युशन खरवडताना त्यांची रापी घसरली आणि माझ्या फोमात रुतली. बाबांनी ती उपसली. चिरेवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. दुसरा खड्डा पडला, तोही भरला नाही.

ते टिटवीकडे वळले. मग विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

"पहिला सोल लावलात तेव्हापासून."

"आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस?"

"तुम्ही सगळ्यांना दाखवत होतात, बाबा."

बाबांनी रापी उचलली. "बाबा, कापू नका!" टिटवी म्हणाली. पण त्यांनी मला टाचेपासून टोकापर्यंत चिरलं आणि आतला चेपलेला, पिवळा पडलेला फोम उजेडात धरला. आयुष्यभर ते बूट उघडत आले होते, पण बघत आले होते फक्त सोल.

डॉक्टर म्हणाले, हाड तुटलेलं नाही, तुटायच्या बेतात होतं. आठ आठवडे पळणं बंद. चाचणी सतराव्या दिवशी झाली. टिटवी त्या दिवशी खिडकीत बसली होती.

आता तिच्याकडे एकच चाचणी उरली आहे.

पाय बरा झाल्यावर ते दोघं पुन्हा बुटांच्या त्याच दुकानात गेले, संध्याकाळी, पळायचे मोजे घेऊन. टिटवी पाच जोड पळवून आली. बाबांनी एकाही सोलाला चापट मारली नाही म्हणे. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "काका, आज गप्प?" ते म्हणाले, "पाय तिचा आहे."

आता कोणी पळायचा बूट आणून "नवा सोल टाकून द्या" म्हणालं की बाबा माझ्याकडे बोट दाखवतात. "आधी याला अंगठा लावून बघा. मग तुमच्या बुटाला." काही जण चिडतात. एक जण म्हणाला, "गिऱ्हाईक परत पाठवायचा धंदा काढलात काय?" बाबा म्हणाले, "होय."

मित्रांनो, मलाही तेवढंच सांगायचं आहे. वरून चकचकीत दिसतो म्हणून कुणाला धडधाकट समजू नका. बुटाला तर नाहीच, माणसालाही नाही. दुखत असेल तर बोला, समोर तुमचा बाप असला तरी.

माझी भीती अजून गेलेली नाही. रोज सकाळी टिटवी नवे बूट घालून दुकानावरून पळत जाते. तेव्हा बाबांची हातोडी हवेत थांबते. आम्ही दोघंही कान देऊन ऐकतो. डावं, उजवं, डावं, उजवं. ती कोपऱ्यावर वळेपर्यंत दोन्ही पावलं सारखी वाजली, की हातोडी खाली येते.

आज सारखी वाजली.