नाथाचा डावा दांडा

शेवंतीला या घरात येऊन वर्ष झालं, तरी मोडका दांडा चुलीत घालायला तिचा जीव होत नाही. गिऱ्हाइकानं मोडकी कुऱ्हाड आणली की पातं काढून घ्यायचं आणि लाकूड सरपणात टाकायचं, ही आमची रीत. ही सून ते तुकडं उजेडात धरते, बोटं फिरवत बसते. मी दोनदा बोलले. मान हलवली आणि पुन्हा तेच.

आंबिवलीत आमची सुतारकामाची पडवी. माझा लेक उत्तम बैलगाड्या करतो, दांडे आणि मुठी माझ्याकडे. धामणीचं लाकूड चिवट निघेल की ठिसूळ, ते मी सालीवरून सांगते. कल्याणची माणसंसुद्धा 'रखमाबाईंचा दांडा' म्हणून मागत येतात.

नाथा बारा वर्षांचं गिऱ्हाईक. रुळांखाली घालायची लाकडं तासतो. तासायच्या कुऱ्हाडीचा दांडा एका अंगाला वाकता ठेवतात, म्हणजे बोटं लाकडावर खरचटत नाहीत. दरसाल तो यायचा, हात पुढे करायचा, मी सुतळीनं तळव्याचं माप घ्यायची. यंदा मी तापानं पडले होते. दांडा शेवंतीनं केला.

आठ दिवसांनी नाथा आला तो मला ओलांडून आत बघायला लागला. धाकट्या बाईंनी केला तसाच आणखी एक हवा म्हणाला. मी तो दांडा बघायला मागितला. वाक उलट्या अंगाला! खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं. चुकली बया.

मी तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा नाथानं डावी मूठ पुढे धरली. पेरांवर जुने वण होते, ताजी खपली एकही नव्हती. तो डावखुरा होता.

"अरे, मग बारा वर्षं उजवा हात का मापायला देत होतास?"

"थोरल्या माणसापुढं डावा हात कसा करायचा, काकी?"

शेवंती दाराआडून हळूच म्हणाली, नाथानं आणलेला जुना दांडा भलत्याच बाजूला झिजला होता, रक्ताचे डागही होते. तिनं त्याचा हात बघितलाच नव्हता. मी बारा वर्षं धरून बघत होते.

नमुना म्हणून तो दांडा मी ठेवून घेतला होता, नाथा गेल्यावर त्यात खोट शोधत बसले. रेषा बघितली, तासणीचे घाव बघितले, गालावर घासून बघितला. काही सापडेना. शेवटी तिला समोर बोलावलं.

"दांडा चांगला झालाय. मला असा जमला नाही, हे एकदाच सांगतेय, परत विचारू नकोस. तासायचे सगळे दांडे आजपासून तू करायचेस. पण गिऱ्हाइकाच्या हातात ते मीच देणार, आणि मी आहे तोवर ते रखमाबाईंचेच दांडे. तुझं नाव व्हायचं तेव्हा होईल. मला घाई नाही."