दिल्लीची लाईन

आतल्या खोलीतला फोन हंबीररावानं दोन बोटांनी अलगद उचलला आणि बाहेर पेढीवर चाललेली शीळ तटकन तुटली. रिसिव्हर जागेवर ठेवून तो हळदीच्या पोत्यावर बसला आणि सुतळी दातानं तोडायला लागला, जसा काय सकाळपासनं तेच काम करतोय.

"गेलं परत," बाहेरून आम्रपालीचा आवाज आला.

"आवं मॅडम, लागलं म्हणाला न्हवं?" हे पेढीचे मालक, आप्पासो. "मला तर आजारी मांजर वरडल्यागत ऐकू आलं. म्हटलं, झालं काम."

"लागतच होतं. मधेच तुटलं."

आम्रपाली कांबळे साताऱ्याची. ज्या कंपनीनं पेढीवर युनिक्सवर चालणारं कॉम्प्युटरचं मशीन बसवलं, तिनंच तिला इंटरनेट जोडायला सांगलीला धाडलेलं. एकटीनं करायचं हे तिचं पहिलंच काम. मोडेम नावाचा डबा इथनं पुण्याला फोन लावायचा, तिकडचा डबा तो उचलायचा, आणि मग दोघं भावकीतल्यासारखे एकमेकांवर किंचाळायचे. त्यात मधेच कुणी दुसरा फोन उचलला की मुसळ केरात. पेढीची लाईन एक आणि तिच्यावर फोन दोन, एक बाहेर, एक आत. आतला उचलला की काय होतं, ते हंबीररावाला पहिल्यांदा चुकून कळलं. पुढचं काही चुकून नव्हतं.

पेढीचा फोन म्हणजे हंबीरराव, हे मार्केट यार्डात कुणीही सांगितलं असतं. ट्रंक कॉलच्या काळापासनं हळदीचा भाव दिल्लीला तोच कळवायचा. नुसता खोकला तरी तिकडचा बनवारी ओळखायचा, बोलो हंबीररावजी. आप्पासो पाहुण्यारावळ्यांना सांगायचे, "आमच्या हंबीराला तार नसली तरी चालतंय." आणि आता गादीशेजारची त्याची बैठक हलवून तिथं त्या मशीनचं टेबल आलं होतं. त्या पोरीला चहा दिला तोही पाहुण्यांच्या कपबशीत. हंबीररावाला आजवर गिलासातच मिळाला. त्याला कपबशीचं काय नव्हतं म्हणा. पण सकाळपासनं नजर जात होती तिथंच.

परत शीळ सुरू झाली. हंबीररावानं फोन उचलला, मान वळवली, तर दारात आम्रपाली उभी.

पोरगी इथं, मग तिकडं फोन लावतंय कोण? लावणारं मशीनच होतं. काय काय करायचं ते तिनं त्याला आधीच लिहून दिलेलं. समोर बसायची गरजच नव्हती.

रिसिव्हर हंबीररावाच्या हातात तसाच.

"मामा," ती हळू बोलली, "आज हे झालं नाही तर उद्या कंपनी दुसऱ्याला पाठवेल. मला परत एकटीला कुठं पाठवणार नाहीत."

"मग मी काय करू?"

"काही नको." ती जरा थांबली. "मालकांना काय सांगू? लाईन खराब आहे म्हणू?"

हंबीररावानं रिसिव्हर ठेवला, सुतळी हातात घेतली.

"म्हण की. खराबच हाय."

तिनं बाहेर जाऊन तसंच सांगितलं. आप्पासोंनी कपाळाला हात लावला.

"दिल्लीवाले भावाची वाट बघत्यात आणि हितं ही तऱ्हा. हंबीरा! ये रं गड्या, तूच लाव. ह्या डब्याचं काय खरं न्हाई." एवढं बोलून ते हमालांवर ओरडत बाहेर वजनकाट्याकडं गेले.

हंबीरराव टोपी नीट करत आला. कोपरानं कपबशी बाजूला सारली.

"सरका बाई जरा."

नंबर तोंडपाठ. एकदा एंगेज लागला, दुसऱ्यांदा रिंग वाजली. पलीकडनं उचलल्यावर तो आम्रपालीकडं बघत ऐटीत खोकला.

"कौन?" कोवळा आवाज.

"हंबीरराव. सांगली. बनवारी को देव."

"बनवारी अब नहीं बैठते. भाव मेल पे भेजो, भाईसाब. फोन पे नहीं लेते."

"अरे, मैं हंबीरराव! सांगलीसे!"

"कौन हंबीरराव?" आणि तिकडं फोन ठेवल्याचा आवाज.

हंबीररावानं रिसिव्हर कानाला तसाच धरला. आम्रपाली मशीनच्या पडद्याकडं बघत राहिली. पडद्यावर काहीच नव्हतं.

आप्पासो हात झाडत आत आले. "दिला भाव?"

"न्हाई मालक. लागला न्हाई."

"तुझा? तुझा फोन लागला न्हाई?"

"लाईन खराब हाय. बाईंनी सांगितलं न्हवं मगाशी?"

आप्पासोंना ते काही पटेना. त्यांनी आम्रपालीकडं बघितलं. "व्हय मॅडम?"

"हो," ती म्हणाली. मग हंबीररावाकडं वळली. "मामा, अजून एकदा बघू का?"

हंबीररावानं रिसिव्हर जागेवर ठेवला. उठला. आत काही गेला नाही. पेढीच्या पायरीवर रस्त्याकडं तोंड करून बसला.

"बघ," तो म्हणाला. "आता लागंल."