सावकाश सुरू होण्याची सोय

लाय शू-च्वान तैपेईच्या नेइहू भागातल्या एका कंपनीत होती. बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत कॉम्प्युटरच्या पोटात जे चालतं, ते तिचं काम. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगितलं की तो म्हणायचा, "म्हणजे तो काळा पडदा?" तीही हो म्हणून मोकळी व्हायची.

त्या वर्षी ओसाकाच्या एका मोठ्या ग्राहकाने अट घातली, की नवा कॉम्प्युटर दोन सेकंदांत सुरू झाला पाहिजे. शू-च्वानने जुना प्रोग्राम उघडला. त्यात जागोजागी थांबे होते. कुठे डिस्क जागी होईपर्यंत, कुठे आता कुणाच्याच घरात नसलेल्या फ्लॉपीची वाट बघत. तिने एकेक काढून टाकला. शेवटी कीबोर्ड ओळखण्याचा थांबा उरला.

"हा राहू दे," ती मॅनेजर को यांना म्हणाली. "विंडोज यायच्या आधी कुणाला सेटिंगमध्ये जायचं असलं तर?"

"कोण जातं तिथे? तुझी आई जाते?"

"नाही."

"माझीही नाही. काढ."

तिने काढला. कॉम्प्युटर दोन सेकंदांच्या आत सुरू व्हायला लागला. कोंनी सगळ्यांना दुधाचा चहा पाजला, आणि यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे त्याच्या डोक्यावर क्वाई-क्वाई कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट ठेवलं.

ओसाकाहून त्या ग्राहकातर्फे हिरोसे-सान आले. त्यांनी बटण दाबलं आणि बोट मागे घ्यायच्या आत पडदा उजळला. ते अगदी थोडं हसले. कोंच्या मते ते फार होतं.

"छान. आता सेटिंग दाखवा."

कोंनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि कीबोर्डवरचं सेटिंगचं बटण दाबलं. विंडोज आलं. पुन्हा केलं, पुन्हा विंडोज. मग बटण आधीपासून दाबून धरलं. मग दोन्ही हातांनी. हिरोसे-साननी कोट काढून खुर्चीला अडकवला आणि स्वतः प्रयत्न केला. विंडोज त्यांनाही मिळालं.

"पाकिटाची तारीख गेलीय," कोंनी पाकीट उलटून पाहिलं. "तरीच!"

"साहेब, तारखेचा संबंध नाही," शू-च्वान हळूच म्हणाली. "कीबोर्ड आहे हेच त्याला ठाऊक नाही."

तिने स्क्रू काढले, आतली बटणासारखी बॅटरी उपसून परत बसवली आणि कॉम्प्युटर चालू केला. जुन्या नोंदी विसरून त्याने आधी सेटिंगचा निळा पडदा आणला.

हिरोसे-साननी स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहिलं. "हे आमच्या गिऱ्हाइकांनी करायचं?"

"खोक्यात स्क्रू-ड्रायव्हर देऊ की!" को म्हणाले.

कुणी हसलं नाही. को गंमत करत नव्हते.

"चालू करायचं बटण जरा जास्त वेळ दाबून धरलं, तर तो कीबोर्डसाठी थांबेल, असं करता येईल," शू-च्वान म्हणाली. "एरवी पळेल."

"म्हणजे ज्याला हळू हवं, त्याने तसं सांगायचं?" हिरोसे-साननी विचारलं.

"हो."

हिरोसे-साननी खुर्चीवरचा कोट उचलून अंगात घातला. मग म्हणाले, "आमच्या जाहिरात विभागाला हे आवडेल."

आवडलंच. जाहिरातीत वेग मोठ्या अक्षरांत आला आणि त्याखाली 'सावकाश सुरू होण्याची खास सोय'. गिऱ्हाइकं दुकानात हीच सोय आधी विचारायला लागली. घाई नको असलेले लोक जगात इतके असतील, याचा कंपनीला अंदाज नव्हता.

वर्षअखेरच्या मेजवानीत मालकांनी शू-च्वानला मंचावर बोलावलं, भात शिजवायचा विजेचा कुकर तिच्या हातात दिला आणि फोटो काढला. वेगाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिने वाकून आभार मानले.

घरी जाताना मेट्रोत कुकरचं खोकं मांडीवर होतं. शेजारच्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "बक्षीस मिळालं वाटतं? कशाबद्दल?"

"कॉम्प्युटर उशिरा सुरू केला म्हणून."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "सरकारी नोकरी का?"