लाटकरांचा विश्वास

दुपारच्या जेवणाला लाटकरांचा खानावळवाल्या शालनताईंवरचा विश्वास उडाला आणि पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला. मुठीएवढा, राखाडी, अंगावर थोडी लव. इतकी वर्षं लाटकरांच्या पोटात सुखाने राहून तो चांगला बाळसेदार झाला होता.

झालं होतं एवढंच, की आमटीत एक मोहरी तरंगत होती आणि तिला पाय होते. मोहरी पोहत वाटीच्या काठाशी आली, तिने जरा दम खाल्ला आणि ताटाबाहेर निघून गेली.

“आधी पंखा बंद करा,” लाटकर म्हणाले. “कापला जाईल त्यो.”

शालनताईंनी बटण दाबलं. मग एकाचं बघून दुसऱ्याचा, तसा शेजारच्या सायकलवाल्या मुजावरांचाही विश्वास उडाला आणि पाठोपाठ बाकावरच्या सगळ्यांचे उडाले. पंख्याला पाती तीनच. उरलेले ट्यूबलाइटवर दाटीवाटीने बसले. कराडात अशी बातमी गावभर व्हायला वेळ लागत नाही, पण बातमी न्यायला उठतो कोण? सगळे जागच्या जागी बसून राहिले.

“मग जावा की दुसरीकडं जेवायला,” ताई चिडून म्हणाल्या.

“कसं जाणार?” मुजावर म्हणाले. “विश्वास हितं वर बसलाय. त्याच्याबिगर घास उतरतोय व्हय खाली?”

हे खरं होतं. लाटकरांची तर मोठीच पंचाईत झाली. बसस्टँडवरच्या कंट्रोलरच्या नोकरीत त्यांना साखरेचा आजार जडला होता आणि जेवणाआधीची गोळी घेऊन ते बसले होते. गोळी पोटात आणि घास ताटात. साखर उतरून त्यांचे हात थरथरायला लागले. बायको गेल्यापासून हा माणूस दोन्ही वेळा ताईंच्याच हातचं खात आला होता.

“भाऊ, चमचाभर साखर तरी खावा.”

“डब्यात मुंग्या असतील,” लाटकर कष्टाने म्हणाले. “नसतीलबी. पर आता मला कसं कळायचं?”

ताईंनी पदर खोचला. ताटं घासली, बाक पुसले, फरशी सोड्याने धुतली. होती ती आमटी ओतून दिली आणि नवी टाकली. वर बसलेल्या विश्वासांपैकी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. पंखा बंद असल्याने सगळे घामाने निथळत होते.

“आत बघू द्या,” लाटकर म्हणाले.

इथे ताई अडल्या. नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि खानावळीचं स्वयंपाकघर विचारू नये, असं त्या म्हणत. पहिली दोन जुनीच आहेत, तिसरं त्यांनी पदरचं घातलं होतं. पण लाटकरांचे ओठ पांढरे पडले होते. ताईंनी दार सताड उघडलं.

सगळे बघायला लागले तसं स्वयंपाकघर लांबायला लागलं. कोणी डब्यामागे बघितलं, की तिथे आणखी भिंत निघे, भिंतीला फळी आणि फळीवर आणखी डबे. पण सगळं लखलखीत. मोरी कोरडी, फडकी उकळलेली, पिठात जाळी नाही.

“नाव ठेवायला जागा न्हाय,” मुजावर म्हणाले.

शेगडी एव्हाना फार लांब गेली होती. तिथे नव्या आमटीपाशी शालनताई बोटाएवढ्या दिसत होत्या, पण अगदी स्पष्ट दिसत होत्या.

लाटकरांचा विश्वास पात्यावरून हलला. आधी पाण्याच्या तांब्यावर उतरला, मग ताटाच्या काठावर आला. लाटकर श्वास रोखून बसले.

“वाढा लवकर, ताई.”

आमटीला उकळी आली. ताईंनी मीठ बघितलं. रोज बघायच्या तसंच. पळीतला थेंब डाव्या तळहातावर घेतला, चाटला, हात पदराला पुसला आणि त्याच हाताने भाकरी उचलली.

विश्वास ताटावरून उठला आणि परत पंख्याच्या पात्यावर जाऊन बसला.

“काय झालं वो?” ताईंनी लांबून विचारलं.

“उष्टा हात, ताई,” लाटकर हळूच म्हणाले.

ताईंनी हाताकडे पाहिलं. बंद दारामागे तो रोज असाच चालत आला होता आणि त्यांनी तो आजवर पाहिलाच नव्हता. त्यांना फार लाज वाटली. त्यांनी हात धुतला. नळ उष्ट्या हाताने उघडला होता, म्हणून नळ धुतला. नळाला हात लागला, म्हणून पुन्हा हात धुतला. मग नवं ताट वाढून घेऊन त्या एवढं सगळं अंतर चालत बाहेर आल्या. यायला बराच वेळ लागला.

“हे बघा, आधी मी खाते,” त्या म्हणाल्या. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडाशी नेला आणि तोंड उघडलं.

त्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास चांगला कोंबडीएवढा होता. तो बाहेर पडताना त्यांना ठसका लागला. वर जागा नव्हती, पण बाकीच्यांनी अंग चोरून त्याला बसू दिलं.

घास ताटात पडला. लाटकर थरथरत बाकावर बाजूला सरकले, तशी एका माणसाची जागा झाली. शालनताई तिथे बसल्या आणि आता कोणीतरी वाढायला येईल म्हणून सगळ्यांबरोबर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या.