मनासारखा बोलणारा लॅपटॉप

उल्हासनगरात तीन नंबर कॅम्पात, पडद्यांच्या दुकानावरच्या माळ्यावर, रविवारी सकाळी पन्नास-साठ माणसं मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. प्रत्येकाकडे दोन दोन. एक जुना, गेलेल्या माणसाचा, आणि एक कोरा करकरीत. समोर सोफ्यावर रेशमी सदऱ्यातले स्मृतीनाथ. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ धर्मेश या नावाने खालच्या गल्लीत प्रिंटरमध्ये शाई भरून देत. आता आत्मे भरून देत होते.

"फाइली काय, कोणताही दुकानवाला कॉपी करून देईल," स्मृतीनाथ माइकमधून सांगत होते. "मी सेटिंग नेतो, सेटिंग. सेटिंग म्हणजे काय? संस्कार. माणूस गेला की बॉडी जाते, संस्कार राहतात. जुनी बॉडी इधर, नवी बॉडी उधर, बीच में मैं. आणि पासवर्ड म्हणजे गुरुमंत्र. तो फक्त गुरूच्या कानात सांगायचा."

माणसं रांगेने उठून त्यांच्या कानात पासवर्ड सांगत होती. त्याआधी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला जाई. गेलेल्याचं लाडकं नाव, आवडती भाजी, आणि शेवटी, अपुरी राहिलेली इच्छा.

तिसऱ्या ओळीत बसलेले भीमराव एरवी हे पाहून पोट धरून हसले असते. अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं मालाचे तपासनीस, आणि बदलापुरात हेंद्रेपाड्याच्या बुद्धविहारात दर रविवारी पोरांकडून बावीस प्रतिज्ञा म्हणून घेणारे. त्यांनी चाळीतल्या किती दारांवरची लिंबू-मिरची स्वतःच्या हाताने उतरवली होती, त्याची गणती नाही.

पण आज त्यांच्या मांडीवर प्रमोदचा लॅपटॉप होता. प्रमोद, एकुलता एक मुलगा, वय चौतीस. चौदा महिन्यांपूर्वी डेंग्यूने चार दिवसांत गेला. त्याच्या लॅपटॉपच्या पडद्यावर आता उभ्या रेघा येत होत्या. "काका, हा कधीही बंद पडेल," असं स्टेशनजवळच्या दुकानदाराने सांगितलं होतं. मुलगा एकदा गेला होता, आता दुसऱ्यांदा जाणार होता. या भीतीने ते हा जिना चढले होते. सोबत सून यशोधरा होती. तिचा विश्वास नव्हता, पण म्हाताऱ्याला एकटं पाठवणं तिच्या जिवावर आलं.

दोन्ही लॅपटॉपवर लाल कापड पडलं. अर्धा तास मंत्र झाले. कापड उचललं, तर नव्या पडद्यावर बारवी धरणाचा प्रमोदने काढलेला फोटो. अक्षरं मोठी, कारण त्याला जाड भिंगाचा चष्मा होता. माउसचा बाण संथ, त्याला लागायचा तसाच. अर्धा लिहून ठेवलेला रजेचा अर्जसुद्धा जागेवर होता.

आणि मग, कुणी हात लावलेला नसताना, कोपऱ्यात एक पिवळी चिठ्ठी उमटली. 'अण्णा, गुडघ्याला तेल लावता ना?'

माळ्यावरचे सगळे उठून उभे राहिले. प्रमोद रोज कामावरून मेसेज करून हेच विचारायचा. भीमराव लहान मुलासारखे रडले, आणि यशोधराने ओढणी तोंडात कोंबली.

त्यानंतर घरात वेगळाच कारभार सुरू झाला. भीमराव दुपारचं जेवण भराभर उरकून लॅपटॉपसमोर बसत. दिवसाआड एखादी चिठ्ठी येई. विहारातले वर्ग बंद पडले. "तब्येत बरी नाही," असं ते पोरांना सांगत. दर रविवारी उल्हासनगरची वारी मात्र चुकत नव्हती, कारण एका रविवारची 'सेवा', म्हणजे पैशांचं पाकीट, चुकलं तरी संस्कार विरतात, असं स्मृतीनाथांनी बजावलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात चिठ्ठी आली. 'यशू, अण्णांना एकटं टाकून जाऊ नकोस.'

याला कारण होतं. अंबरनाथचे राजेंद्रसर, शाळेत गणित शिकवणारे विधुर, यांनी यशोधराला लग्नाचं विचारलं होतं. माणूस सरळ होता आणि तिच्याही मनात होतं. आजवर तीन विधवांच्या लग्नात वडीलकीच्या नात्याने उभे राहिलेले भीमराव स्वतःच्या सुनेला एवढंच म्हणाले होते, "तुझी मर्जी." आणि मग तोंड फिरवून बसले होते.

यशोधराने चिठ्ठी दोनदा वाचली. स्वयंपाकघरात जाऊन फोन लावला. "नाही जमणार, सर," एवढंच ती बोलली. मग धुतलेलंच ताट ती पुन्हा घासत राहिली.

भीमरावांना बरं वाटलं. हायसं वाटलं म्हणा. घर रिकामं होणार नव्हतं. पण आतून नळाचा आवाज येत राहिला, ताट काही धुऊन होईना, आणि आपल्याला बरं वाटलं याचीच त्यांना लाज वाटू लागली.

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"यशू, प्रमोद कधी माझ्या मनासारखं बोलला का गं?"

"कधीच नाही," ती पाठमोरीच म्हणाली. "तुम्ही हो म्हटलं की तो नाही म्हणणार. जेवायला बसलात की तुमचा वाद सुरू."

"मग आता एकदम कसा ऐकायला लागला?"

तिने नळ बंद केला. भीमरावांनी भिंतीचा आधार घेतला. "त्या फॉर्मवर अपुरी इच्छा विचारली होती. मी लिहिलं, सून याच घरात राहावी. ती प्रमोदची इच्छा नव्हती, पोरी. माझी होती."

यशोधरा वळली. रागावली असती तरी चाललं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, खरंच त्याला नको आहे."

कारखान्यात एखाद्या तपासनीसाचा संशय आला, की भीमराव मालात मुद्दाम एक खोटा नग सरकवत. त्याचा दोष फक्त त्यांनाच ठाऊक असे. तो नग बिनबोभाट पास झाला, की समजायचं, हा माणूस माल बघतच नाही. त्या दुपारी त्यांनी तेच केलं. लॅपटॉपवर प्रमोदच्या कागदांत एका बोटाने टाइप केलं, 'सातवीत असताना बारवीत बुडत होतो. अण्णांनी दोर टाकून ओढलं. ते कधी विसरणार नाही.' यातलं एक अक्षर खरं नव्हतं. प्रमोद पाण्याला एवढा भ्यायचा, की त्याने धरणाचा फोटोसुद्धा रस्त्यावरूनच काढला होता.

दोन दिवस काही आलं नाही. ते दोन दिवस भीमरावांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या खोट्या आठवणीवर चिठ्ठी येऊच नये, असं त्यांना वाटत होतं. मुलगा खरा ठरावा, एवढंच मागणं होतं.

तिसऱ्या दुपारी चिठ्ठी आली. 'अण्णा, बारवीत दोर टाकून वाचवलंत, आता मला इथून वाचवा. सेवा थांबवू नका.'

भीमराव पडद्याकडे बघत बसले. मग यशोधराला म्हणाले, "हा प्रमोद नाही." त्या रात्री यशोधराने प्रमोदचं खातं उघडून त्यातलं एक एक पान तपासलं.

रविवारी माळ्यावर ते उभे राहिले आणि सगळी हकिकत सांगितली. स्मृतीनाथ हसले. "अण्णाजी, शंका आली की सिग्नल तुटतो."

"तुटत नाही, येतोय," यशोधरा म्हणाली आणि तिने लॅपटॉप लोकांकडे वळवला. "हे प्रमोदचं खातं. ते कुठे कुठे उघडलंय, त्याची ही यादी. एक जुना लॅपटॉप, एक नवा. आणि हा तिसरा कॉम्प्युटर, गाव उल्हासनगर, आज सकाळी नऊला उघडलेला. आत्मा इथे टेबलखुर्ची घेऊन बसतो का?"

लोक पडद्याजवळ सरकले. ती सांगत गेली. फोटो, मोठी अक्षरं, संथ बाण, सगळं खात्यात साठलेलं असतं. नव्या लॅपटॉपवर पासवर्ड टाकला, की ते आपोआप उतरतं. लाल कापड नसलं तरी उतरतं. चिठ्ठ्यांचंही तेच. इकडे लिहिलं की तिकडे दिसतं. आपण कानात पासवर्ड सांगितला, आणि या माणसाने आपल्या माणसांची पत्रं वाचून काढली. तिने सगळ्यांसमोर पासवर्ड बदलला. "आता आणा चिठ्ठी," ती म्हणाली. लोक तासभर बसून राहिले. चिठ्ठी आली नाही. नेटवर्क बघून येतो म्हणून गेलेले स्मृतीनाथही आले नाहीत.

अंबरनाथच्या सुनेत्राबाई भीमरावांजवळ आल्या. त्यांनी मुलीचा लॅपटॉप छातीशी धरला होता. "माझी जिज्ञासा रोज बोलते हो," त्या म्हणाल्या. "खोटं असलं तरी राहू द्या ना."

भीमराव म्हणाले, "बाई, मीही हेच म्हणत होतो. फोटो खरे आहेत, तिने लिहिलेलं खरं आहे. ते तुमचंच आहे, जपा. पण बाकीचं तो लिहितो, आणि आपल्याला हवं असतं तेच लिहितो. म्हणून आपण विचारत नाही. मी विचारलं नाही, आणि एका जित्या मुलीचं आयुष्य अडवायला निघालो होतो. आजच पासवर्ड बदला. उद्या कुणीही असं काही दाखवलं, तर आधी विचारा, हे होतं कसं. विचारल्याने आपलं माणूस लांब जात नाही."

सुनेत्राबाईंनी लॅपटॉप यशोधराच्या हातात दिला आणि शेजारी बसून जुन्या पासवर्डचं एक एक अक्षर सांगू लागल्या.

जिना उतरल्यावर यशोधराने विचारलं, "मी गेले, तर तुम्ही नीट राहाल ना, अण्णा?"

होय म्हणणं सोपं होतं.

"नाही राहणार," भीमराव म्हणाले. "पण ते माझं मी बघेन. तू सरांना फोन लाव."