भावासाठी वाढवलेला झटका

बद्रीनाथनं भावाच्या रानातल्या खांबावरच्या पेटीचं बटण बंद करायला हात नेला, तेवढ्यात मागून हाक आली.

"कव्हा आला रं, बद्री?"

त्यानं हात चटकन मागं घेतला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शेजारच्या रानातले फकिरातात्या मक्याला पाणी देऊन ओल्या हातापायांनी बांधावर चढत होते. पेटीची टकटक चालूच राहिली.

रानाभोवतीच्या तारेत वीज सोडणारी ही झटका मशीन बद्रीनाथनं स्वतः बनवलेली. चिकलठाण्यात त्याचा छोटा कारखाना होता, आणि सगळी अक्कल त्यानं एकाच गोष्टीत लावली होती: तारेतला झटका इतका आखूड आणि इतका थोडा हवा, की रानडुक्कर दचकून पळावं, पण जीव कुणाचा जाऊ नये. गिऱ्हाइकानं कितीही गळ घातली तरी तो झटका वाढवून देत नसे. पण सख्खा भाऊ कडूबा म्हणाला, "डुकरं मोजीत नाय रं तुझ्या मशीनला," आणि या शहाण्यानं पेटीत वीज साठवणारा मोठा कपॅसिटर बसवून दिला. झटका लांबला, जडही झाला. त्याच आठवड्यात तात्यांचा गोऱ्हा या तारेपाशी मरून पडला. पान लागलं, साप चावला, असं सगळं पिशोर गाव म्हणालं. बद्रीनाथला मात्र घास गोड लागेना. आज तो गुपचूप जुना कपॅसिटर बसवायला आला होता.

"गोऱ्ह्याचं ऐकून लई वाईट वाटलं, तात्या," तो म्हणाला. त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"नशीब आमचं! यंदा औताला धरणार व्हतो." तात्यांनी तारेकडं पाहिलं. "मलाबी एक मशीन दे बाबा. म्हातारी तारंला भिती. तिला म्हनलं, अगं, बद्रीनं समद्यांपुढं तार धरून दाखवली, त्याला काय झालं?"

ते खरंच होतं. मशीन विकताना तो नेहमी उघड्या हातानं तार धरून दाखवायचा.

"हे बघ, मीबी धरतो," तात्या हसत वाकले.

"नको!" बद्रीनाथ ओरडला. "तात्या, हात लावू नका!"

तात्यांचा हात तसाच थांबला. ते बद्रीनाथकडं बघत राहिले. त्यानं मान खाली घातली आणि बटण बंद केलं.

तात्या सरळ उभे राहिले. गोऱ्ह्याचं नाव त्यांनी काढलं नाही.

"आमची नातवंडं याच बांधावरनं साळंत जातेत, बद्री."